टॉलेमी : तेरचं लोकेशन आकड्यांत लिहून ठेवणारा माणूस

मॅपचं अ‍ॅप उघडा आणि सर्चच्या जागी १९.३३, ११८ हे दोन आकडे टाका. टाकताना इंग्रजी आकडे वापरा, मध्ये एक कॉमा द्या. पिन जाऊन पडेल दक्षिण चीन समुद्रात, फिलिपिन्सच्या पश्चिमेला. झूम करा, आजूबाजूला नुसतं पाणी.

हे आकडे एका गावाचे आहेत. ते गाव समुद्रात नाही, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी आहे. तेर. गोरोबाकाकांचं तेर. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसून एका माणसाने जगातल्या सुमारे ८,००० ठिकाणांची यादी केली आणि प्रत्येकापुढे दोन आकडे लिहिले. त्या यादीत ‘तगर’ नावाचं एक शहर आहे : रेखांश ११८ अंश, अक्षांश १९ अंश २० मिनिटं. तगर म्हणजेच आजचं तेर. यादी करणाऱ्याचं नाव क्लॉडियस टॉलेमी.

आपण व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवतो तेव्हा खरं तर असेच दोन आकडे पाठवतो. म्हणून हा माणूस कोण होता, त्याने आकडे काढले कसे आणि तेरच्या बाबतीत ते इतके का चुकले, हे बघण्यासारखं आहे. नकाशा वाचायला शिकायचं असेल तर त्याच्या चुकांइतकी चांगली शाळा नाही.

राजा नव्हे, आकडेवाला

टॉलेमीच्या खाजगी आयुष्याबद्दल फार थोडं हाती लागतं. तो साधारण इ.स. १०० च्या आसपास जन्मला आणि १७० च्या आसपास गेला असं मानतात. क्लॉडियस हे रोमन नाव, म्हणजे त्याच्याकडे रोमन नागरिकत्व होतं. टॉलेमी हे ग्रीक नाव, आणि तो लिहायचाही ग्रीकमध्ये. इजिप्तवर आधी राज्य करणाऱ्या राजांचं घराणंही टॉलेमी याच नावाचं होतं. त्यामुळे मध्ययुगातल्या काही चित्रकारांनी याच्या डोक्यावर मुकुट चढवला. नातं काही नव्हतं. आपल्याकडे आडनावावरून घराणं ठरवतात, तसलाच हा प्रकार.

पक्क्या तारखा मिळतात त्या त्याने आकाशाच्या केलेल्या नोंदींमधून. इ.स. १२७ ते १४१ या काळात तो अलेक्झांड्रियातून ग्रह, चंद्र, ग्रहणं बघत होता आणि प्रत्येक नोंद सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षासकट लिहीत होता. म्हणजे लॉगला टाइमस्टँप. आधी हेड्रियन, मग अँटोनायनस पायस हे तेव्हाचे सम्राट. इ.स. १४६-४७ च्या सुमारास त्याने अलेक्झांड्रियाजवळच्या कॅनोपस इथे आपल्या आकडेमोडीचे निष्कर्ष एका शिलालेखात कोरवून घेतले.

त्याचा मोठा ग्रंथ १३ भागांचा. तो पुढे अरबी नावावरून ‘अल्माजेस्ट’ म्हणून ओळखला गेला. त्यात १,०२२ ताऱ्यांची यादी आहे आणि पृथ्वी मध्यभागी धरून ग्रहांची गती मोजायची पद्धत आहे. पृथ्वी मध्यभागी नाही हे आज शाळेतली मुलंही सांगतील, पण ग्रह कधी कुठे दिसेल हे त्या पद्धतीने बऱ्यापैकी सांगता यायचं, म्हणून ती चौदाशे वर्षं चालली. तारे त्याने स्वतः मोजले की आधीच्या हिपार्कसची यादी थोडी बदलून घेतली, यावर अजून वाद आहे. संगीत, प्रकाश, फलज्योतिष या विषयांवरही त्याने लिहिलं. एका माणसाने इतकं कसं काय केलं, हा प्रश्न पडतोच.

भूगोलाकडे तो वळला तो आकाशामुळेच. ग्रहण एकच असतं, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर घड्याळातली वेळ बदलते. म्हणजे आकाशाचं गणित पुरं करायचं तर जमिनीवरच्या शहरांचे पत्ते आकड्यांत हवेत. ते नंतर स्वतंत्रपणे देईन असं त्याने अल्माजेस्टमध्येच कबूल केलं होतं, आणि ‘जिओग्राफी’ हा आठ भागांचा ग्रंथ लिहून ते पाळलं.

दिवसांचे अंश करायचे

अक्षांश म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला किती, आणि रेखांश म्हणजे ठरवलेल्या एका उभ्या रेषेपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला किती. आज ती शून्याची रेषा लंडनजवळच्या ग्रीनिचमधून जाते. टॉलेमीने ती तेव्हा माहीत असलेल्या जगाच्या पश्चिम टोकाला धरली, अटलांटिकमधल्या कॅनरी बेटांवर. हिशोब सोपा, सगळे रेखांश पूर्वेचेच, उणे आकडा नको.

यातला अक्षांश काढणं त्या काळीही जमत होतं. काठी उभी करा, दुपारी तिची सावली मोजा. किंवा वर्षातला सर्वांत मोठा दिवस किती तासांचा ते बघा. रेखांशाला असा सोपा उपाय नव्हता. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून दोन गावांच्या घड्याळांतला फरक कळला की रेखांशाचा फरक कळतो. पण एकाच क्षणी दोन्ही गावांत किती वाजलेत हे कळणार कसं? फोन नाही, तार नाही. उपाय एकच होता, चंद्रग्रहण. ते दोन्हीकडून एकाच क्षणी दिसतं.

टॉलेमीने अशा ग्रहणाचं उदाहरण दिलंय ते इ.स.पू. ३३१ चं, अलेक्झांडरच्या गौगामेलाच्या लढाईच्या थोडं आधीचं. आजच्या इराकमधल्या अर्बेलात ते रात्रीच्या पाचव्या तासाला दिसलं आणि आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेजला दुसऱ्या तासाला. फरक तीन तासांचा, म्हणजे ४५ अंश. प्रत्यक्षात या दोन ठिकाणांत साधारण ३४ अंशांचं अंतर आहे. वेळेच्या नोंदीत पाऊण तासाची गडबड आणि नकाशावर ११ अंशांची चूक. आणि अशी जोडीने नोंदलेली ग्रहणं त्याच्याकडे जवळजवळ नव्हतीच.

मग उरलेल्या हजारो ठिकाणांचं काय? तिथे त्याने आपल्या आधीच्या एका भूगोलकाराचं, टायर शहरातल्या मरिनसचं, काम घेतलं आणि ते तपासत गेला. मरिनसने खलाशी आणि व्यापाऱ्यांकडून प्रवासाचे दिवस गोळा केले होते. टॉलेमीचं म्हणणं असं की व्यापाऱ्याचं लक्ष मालावर असतं, मोजमापावर नाही, आणि फुशारकीत तो अंतर वाढवूनही सांगतो. शिवाय रस्ता वळणं घेत जातो, वाटेत मुक्काम पडतात. म्हणून दिवसांवरून काढलेलं अंतर कापायला हवं. चीनकडे जाणारी सात महिन्यांची एक वाट मरिनसने ३६,२०० स्टेडिया लांब धरली होती. टॉलेमीने सरळ निम्मी केली. (स्टेडिया हे ग्रीक माप. एक स्टेडियम साधारण दीड-दोनशे मीटरचं, पण नक्की किती यावर आजही भांडण आहे.) मरिनसचं माहीत असलेलं जग पूर्व-पश्चिम २२५ अंश पसरलेलं होतं, ते त्याने १८० वर आणलं. प्रत्यक्षात ते १३० च्या आसपास आहे. म्हणजे कापलं, पण पुरेसं नाही.

इथे आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट येते. मरिनसने सिमिल्ला नावाचं भारतातलं बंदर चुकीच्या जागी दाखवलं होतं. टॉलेमीने ते दुरुस्त केलं. तिथे अनेक वर्षं ये-जा केलेल्या आणि तिथून अलेक्झांड्रियाकडे आलेल्या लोकांकडून त्याने माहिती घेतली होती. स्थानिक लोक त्या बंदराला तिमुला म्हणतात, हेही त्याने नोंदवलं. हे बंदर म्हणजे आपलं अलिबागजवळचं चौल, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे कोकणचं पाणी बघितलेल्या माणसांकडून आलेली माहिती त्याच्या हिशोबात आहे. ग्राउंड चेकिंग म्हणतात ते हेच.

तेरला मात्र असा बंदराचा फायदा नव्हता. तगरचा माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा, तिथून जहाजाने तांबड्या समुद्रात, पुढे उंटांवरून नाईल नदीला आणि नदीने अलेक्झांड्रियाला. मालाबरोबर गावाचं नावही इतक्या हातांतून गेलं.

चित्र नको, डेटा घ्या

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला टॉलेमीचं सगळ्यात आवडणारं काम हे. नकाशाचं चित्र हाताने उतरवत गेलं की प्रत्येक प्रतीत थोडी चूक वाढते, हे त्याने ओळखलं होतं. स्क्रीनशॉटचा स्क्रीनशॉट काढत राहिलं की अक्षरं फाटत जातात, तसं. म्हणून त्याने आकड्यांची यादी दिली आणि त्यावरून नकाशा कसा काढायचा याची कृती दिली. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या दोन पद्धती सांगितल्या. उत्तर वर ठेवली. जगाचा एक मोठा नकाशा आणि प्रदेशांचे २६ छोटे नकाशे अशी मांडणी केली : युरोपचे १०, आफ्रिकेचे ४, आशियाचे १२. गंगेच्या अलीकडचा भारत, म्हणजे आपण, आशियाच्या दहाव्या नकाशात. चित्र हरवलं तरी यादीवरून कोणीही ते पुन्हा काढू शकतो. डेटा वेगळा, डिस्प्ले वेगळा. आजचं प्रत्येक मॅप अ‍ॅप याच तत्त्वावर चालतं.

आकडेही उतरवताना चुकतात, हे खरंच. हस्तलिखितांत काही ठिकाणांचे आकडे जुळत नाहीत. पण आकड्याची चूक आकड्याने पकडता येते, पुसट झालेल्या रेषेचं तसं नाही.

आता तेरकडे

तेर प्रत्यक्षात साधारण १८.३ उत्तर, ७६.१ पूर्व इथे आहे. टॉलेमीचे आकडे १९ अंश २० मिनिटं आणि ११८. अक्षांशात चूक एका अंशाची, म्हणजे ११० किलोमीटरच्या आसपास. रेखांशाची तुलना करण्याआधी शून्य जुळवायला हवं. कॅनरी बेटं ग्रीनिचच्या पश्चिमेला १८ अंशांपर्यंत आहेत. म्हणजे त्याच्या मोजणीत तेर ९४ वर यायला हवं होतं, आलं ११८ वर. चूक २४ अंशांची, अंतरात अडीच हजार किलोमीटर. शून्य जुळवून १९.३३, १०० असं टाकलंत तर पिन उत्तर थायलंडमध्ये पडते. समुद्रातून बाहेर आलो, धाराशिवला नाही पोचलो.

एवढी मोठी चूक का? दिवसांचे अंश करताना झालेली वाढ आहेच. शिवाय त्याने पृथ्वीचा घेर लहान धरला. त्याच्या आधी एरॅटोस्थेनीसने घेर २,५२,००० स्टेडिया काढला होता, टॉलेमीने १,८०,००० घेतला. घेर लहान तर एक अंशही लहान, आणि तेच अंतर जास्त अंशांत मांडावं लागतं. पश्चिमेकडून निघून जसजसं पूर्वेला यावं तशी ही चूक साठत जाते. आपण पूर्वेला.

अक्षांश बऱ्यापैकी जुळला म्हणून फार कौतुक नको. तेरमध्ये कोणी काठी रोवून सावली मोजली होती असं दिसत नाही. त्याच यादीत नाशिक १७ अंशांवर आहे, खरं नाशिक २० अंशांवर. त्याच्या नकाशात भारताचा पश्चिम किनारा खाली उतरायच्या ऐवजी जवळजवळ आडवा पूर्वेला जातो आणि श्रीलंका आहे त्याच्या कितीतरी पट मोठी होऊन बसते.

पैठणशी तुलना केली तर गंमत आणखी दिसते. त्याच्याकडे पैठण ११७ रेखांश, १८ अंश ३० मिनिटं अक्षांश. म्हणजे तगर पैठणच्या ईशान्येला. खरं तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पैठणचा खरा अक्षांश साडेएकोणीसच्या जवळ, तेरचा सव्वाअठराच्या थोडा वर. दोन्ही अक्षांशांची अदलाबदल झाल्यासारखं वाटतं. योगायोगही असेल. पैठणचा राजा म्हणून त्याने ज्याचं नाव दिलंय ते सातवाहन राजा पुळुमावीचं ग्रीक रूप मानतात, आणि ते ग्रीकमध्ये ‘टॉलेमी’सारखंच दिसतं. म्हणजे पैठणचा राजा त्याला स्वतःच्या नावाचा वाटला असेल.

पुस्तक हरवलं, गावही हरवलं

टॉलेमी गेल्यावर युरोपात जिओग्राफी विस्मरणात गेली. अरबी विद्वानांकडे ती होती. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने तिच्या आधारे स्वतःची यादी केली. अल्गोरिदम हा शब्द ज्याच्या नावावरून आला, तोच हा. इ.स. १२९५ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमधल्या मॅक्सिमस प्लॅन्युडिस नावाच्या साधूने ग्रीक प्रत शोधून काढली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचं लॅटिन झालं. १४७५ मध्ये ती छापली गेली आणि १४७७ मध्ये बोलोन्यात नकाशांसकट. साडेबाराशे-तेराशे वर्षांनी लोकांनी यादीवरून पुन्हा नकाशे काढले, टॉलेमीने योजलं होतं तसेच. चुकाही सोबत आल्या. लहान पृथ्वी आणि लांबलेला आशिया या कल्पनेचा १४९२ च्या सफरीआधी कोलंबसला आधार वाटला. इतरांचे आणखी सोयीचे आकडेही त्याने उचलले आणि पश्चिमेकडून आशिया जवळ आहे अशी स्वतःची खात्री करून घेतली. टॉलेमीच्या नकाशात हिंदी महासागर चहूबाजूंनी जमिनीने बंद होता. आफ्रिकेला वळसा घालून १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, तेव्हा तो दरवाजा उघडाच असल्याचं दिसलं.

या सगळ्यात तगर नावाचं शहर कुठलं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. नाव मोठं होतं. शिलाहार राजे स्वतःला तगरपुराचे अधिपती म्हणवून घ्यायचे. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी दौलताबाद, जुन्नर, कोल्हापूर, धारूर अशी एकेक नावं पुढे केली. अखेर १९०१ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखांच्या अभ्यासकाने तगर म्हणजे तेर असं दाखवून दिलं. तगर, तयर, तेर असा शब्दाचा प्रवास त्याने मांडला.

हे कोडं तुम्ही फोनवर स्वतः सोडवून बघू शकता. टॉलेमीच्या साधारण शतकभर आधी एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचं बंदरांचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. त्यात भडोचहून पैठण दक्षिणेला २० दिवसांवर, आणि पैठणहून तगर पूर्वेला १० दिवसांवर, असं येतं. मॅपमध्ये अंतर मोजायची सोय असते, ती वापरून सरळ रेषेत मोजा. भडोच ते पैठण सुमारे ३५० किलोमीटर, म्हणजे दिवसाला साडेसतरा. मालाने भरलेल्या बैलगाडीला हा वेग बरोबर वाटतो. आता पैठणपासून त्याच वेगाने १० दिवस चाला, १७५ किलोमीटरच्या जरा आत काहीतरी मिळायला हवं. दौलताबाद पन्नासच्या आसपास, फार जवळ. जुन्नर १६० च्या आसपास, पण ते पश्चिमेला, अगदी उलट्या दिशेला. कोल्हापूर ३०० च्या वर, तेही नैर्ऋत्येला. धारूर आग्नेयेला सुमारे १०५, दिशा चालेल पण दिवस जास्त लागले. तेर सुमारे १५०, दिवसाला १५ किलोमीटर.

दिशेकडे मात्र लक्ष द्या. व्यापाऱ्याने दक्षिण म्हटलं तिथे खरी दिशा आग्नेय आहे, आणि पूर्व म्हटलं तिथे दक्षिणेकडे बरीच झुकलेली आग्नेय. दिवस त्याने नीट मोजले, कारण गाडीभाडं आणि चारा दिवसांवर जातो. दिशेचे पैसे द्यावे लागत नव्हते. जुन्या वाटांचं वर्णन वाचताना, किंवा आजही गावाकडे कोणी रस्ता सांगताना, ‘किती वेळ’ याच्यावर ‘कुठल्या बाजूला’पेक्षा जास्त विश्वास ठेवावा, असं माझं मत आहे.

पेरिप्लसमध्ये तगरहून जाणारा माल म्हणून साधं कापड आणि मलमल यांची नोंद आहे. तेरच्या मातीतून रोमन जगाशी असलेल्या व्यापाराच्या खुणा निघाल्या. त्यांपैकी पुष्कळ वस्तू गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. विटांचं त्रिविक्रम मंदिरही बघण्यासारखं, मागची बाजू अर्धगोल असलेलं, जुन्या चैत्याच्या बांधणीचं.

पिन टाकताना

आपल्या फोनने टॉलेमीची रेखांशाची अडचण घड्याळानेच सोडवली आहे. जीपीएस किंवा आपल्या नाविकच्या उपग्रहांत अणुघड्याळं असतात. सिग्नल निघाला कधी आणि पोचला कधी यावरून फोन अंतर काढतो, आणि किमान चार उपग्रहांवरून जागा ठरवतो. उघड्या आकाशाखाली चूक साधारण ५ मीटरची. इमारतींच्या मध्ये ती वाढते.

पण हे झालं तुम्ही कुठे उभे आहात त्याचं. मॅपवर दिसणारी गावाची, दवाखान्याची, देवळाची पिन उपग्रहाने टाकलेली नसते. ती कोणीतरी यादीत भरलेली असते, तगरसारखीच. नवीन ठिकाणी रात्री जाणार असाल तर पिन सॅटेलाइट व्ह्यूमध्ये बघा. नदी कुठल्या बाजूला आहे, मुख्य रस्त्यापासून किती अंतर आहे, पत्त्यातल्या खुणा जुळतात का, हे निघण्याआधी तपासा. पाच मिनिटांचं काम आहे. नेट जाण्याआधी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

आकडे पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. टॉलेमी उलटं लिहायचा, आधी रेखांश. दुसरी गोष्ट, मिनिटं आणि दशांश एक समजू नका. तेरचा अक्षांश १८ अंश १९ मिनिटं, म्हणजे १८.३२. कारण एका अंशात ६० मिनिटं असतात, १९ भागिले ६०. तुम्ही १८.१९ टाकलंत तर पिन १४ किलोमीटर दक्षिणेला सरकेल. दशांशानंतरचा पहिला आकडा ११ किलोमीटरपर्यंत नेतो, दुसरा एका किलोमीटरपर्यंत, तिसरा शंभरेक मीटरपर्यंत आणि चौथा दहा मीटरच्या आसपास. गाव दाखवायला दोन पुरतात. घराचं दार दाखवायचं असेल तर पाच द्या.